गोल बार्न: गोठा गोल का बांधला आणि पुढे कुणी का बांधेना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या उर्बाना इथल्या आवारात तुम्ही तीन जुने गोल गोठे पाहिले. कुणीतरी सांगितलं की कोपऱ्यात सैतान लपू नये म्हणून लोक ते गोल बांधायचे. दुसरीकडे वाचलंत की गोल बांधल्यामुळे लाकूड आणि मेहनत दोन्ही वाचतं. मग एवढं सोयीचं होतं तर ते बंद का पडलं? आणि फलटणजवळ घरच्या २० संकरित गाईंसाठी तसाच गोठा बांधला तर चालेल का?

मी मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात, जुन्या लाकडी इमारती तपासण्याचं आणि दुरुस्तीचं स्ट्रक्चरल काम करतो. बार्न, म्हणजे जनावरं, चारा, धान्य ठेवायच्या मोठ्या शेतइमारती, त्यात बरेच येतात, गोल बार्न अधूनमधून. म्हणजे वासे, खांब, पाया याबद्दल मी ठामपणे बोलेन. गाईंबद्दल जे बोलेन ते मालकांकडून ऐकून आणि त्यांच्याबरोबर गोठ्यात फिरून कळलेलं आहे.

सैतानाचं आधी निकाली काढू. ही कथा बहुतेक वेळा शेकर या ख्रिस्ती पंथाच्या नावावर खपवली जाते, कारण अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला गोल बार्न त्यांचा आहे: मॅसॅच्युसेट्समधल्या हँकॉकचा, १८२६ सालचा, दगडी. पण त्याच वसाहतीतली त्यांची राहती घरं आणि काम करायच्या जागा बघा. सगळ्या काटकोनी. सैतानाची एवढी धास्ती असती तर माणसांनी आधी स्वतःच्या झोपायच्या खोल्या गोल केल्या असत्या, गाईंच्या नव्हे.

तुम्ही विचारलंय 'गोल का?', पण मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. चारा कुठे साठवायचा, जनावर कुठे बांधायचं आणि या दोहोंमधलं अंतर रोज कोण, कशाने तोडणार? याचं उत्तर ज्या काळात 'चारा मध्ये, जनावरं भोवती, माणूस हातात काटा घेऊन' असं होतं, त्या काळात गोल आकार आपसूक बरोबर ठरला. उत्तर बदललं तसा आकारही गेला. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

आता हँकॉकचा बार्न आतून कसा चालायचा ते बघा. घेर सुमारे २७० फूट, म्हणजे व्यास ८५ फुटांच्या पुढे. जमिनीचा उतार साधून बांधल्यामुळे वेगवेगळ्या मजल्यांवर थेट बाहेरून जाता येतं. गवताने भरलेली गाडी उतारावरून वरच्या मजल्यावर यायची, भिंतीलगत गोल फिरत मधल्या खोल कोठारात गवत टाकायची आणि आली त्याच दाराने बाहेर पडायची. घोडे सोडून गाडी वळवणं नाही, मागे रेटणं नाही. एकामागून एक अशा कितीतरी गाड्या एकाच वेळी आत फिरू शकायच्या. खालच्या मजल्यावर ५२ गाई, तोंडं मध्याकडे, समोरच गवताचा ढीग. वैरण घालणारा माणूस मधोमध उभा राहून चहूकडे गवत सारणार. शेण जमिनीतल्या झडपांतून तळघरात ढकलायचं आणि तिथून गाडी भरून शेतावर न्यायचं. चारा वरून येतो, मधून वाटला जातो आणि खत खालून निघून जातं, असा सगळा उताराचा कारभार. १८६४ मध्ये आग लागून आतलं लाकूडकाम गेलं, पण दगडी भिंत टिकली. पुढे छपराच्या मध्यावर खिडक्यांचा बारा बाजूंचा मजला चढवला, त्यामुळे मधल्या अंधाऱ्या भागात उजेड आला. १९६८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती झाली. आज ते संग्रहालय आहे. कधी गेलात तर बाहेरून फोटो काढण्यापेक्षा वरच्या मजल्यावरची गाडीवाट एकदा चालून बघा.

त्याआधीचं एक उदाहरण मराठी वाचकाला लगेच कळेल असं. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९०च्या दशकात माउंट व्हर्नन या आपल्या जहागिरीतल्या डोग रन शेतावर सोळा बाजूंची इमारत बांधवली. ती गोठा नव्हे, मळणीघर. आपल्याकडे खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची, तसे तिथे वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरत गहू तुडवायचे. फरक एवढाच की जमीन लाकडी फळ्यांची, आणि फळ्यांमध्ये दीड इंचाच्या फटी ठेवलेल्या. दाणे फटींतून खालच्या कोठारात पडायचे आणि काड वर राहायचं. पाऊस आला तरी मळणी थांबायची नाही, आणि धान्य कुलपात असल्यामुळे चोरीही कमी. बांधकाम आणि मळणी, दोन्ही कामं त्याच्या गुलामांनी केली, हेही सांगायला हवं. मूळ इमारत एकोणिसाव्या शतकातच गेली. आज माउंट व्हर्ननला दिसते ती १९९०च्या दशकात बांधलेली प्रतिकृती. इथेही बघा, आकार आला तो फिरणाऱ्या घोड्यांमुळे. ऑरेगॉनच्या हार्नी परगण्यातला पीटर फ्रेंचचा १०० फूट व्यासाचा बार्न तसाच. मध्ये दगडी भिंतीचं गोल आवार आणि भोवती छपराखालची वाट. बर्फाच्या दिवसांत घोडी शिकवायला. गाईंचा तिथे संबंधच नाही.

उर्बानाला जे पाहिलंत त्याची सुरुवात मात्र मुरघासापासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत मुरघास (हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा) नवा होता, आणि तो साठवायचे सुरुवातीचे सायलो, म्हणजे उंच कोठारं, चौकोनी असायचे. कोपऱ्यांत चारा नीट दाबला जात नाही, हवा राहते आणि तिथला मुरघास कुजतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातले एफ. एच. किंग हे मातीचे आणि भौतिकशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी गोल सायलोचा आग्रह धरला. मग पुढचा विचार असा की सायलो गोलच असणार, तर तो गोठ्याच्या मधोमध उभा करा आणि गाई त्याच्याभोवती बांधा. १८८९ मध्ये व्हाइटवॉटरजवळ त्यांच्या भावाच्या शेतावर असा ९२ फूट व्यासाचा बार्न उभा राहिला आणि विद्यापीठाच्या प्रयोग केंद्राच्या अहवालात त्याचा नकाशा छापून आला. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळा म्हणजे गाई महिनोन्महिने आत कोंडलेल्या. त्यामुळे किंग यांनी वायुवीजनाचाही बारकाईने विचार केला: ताजी हवा छताजवळून आत घ्यायची आणि दमट, वापरलेली हवा जमिनीजवळून नळकांड्यांनी उचलून छपराबाहेर सोडायची. थंडीत ऊब न घालवता हवा बदलायची ही युक्ती पुढे चौकोनी बार्नमध्येही सर्रास वापरली गेली.

इलिनॉयमध्ये हे वेड नेलं विल्बर फ्रेझर यांनी. ते विद्यापीठात दुग्धव्यवसाय शिकवायचे. तुम्ही पाहिलेले तिन्ही गोठे साधारण १९०७ ते १९१३ या काळातले. त्यातला पहिला २० एकरांच्या प्रात्यक्षिक दुग्धशेतीसाठी होता, ६० फूट व्यासाचा. १९१० मध्ये फ्रेझर यांनी गोल गोठ्याच्या फायद्यांवर विद्यापीठाची पुस्तिका काढली आणि ती शेतकऱ्यांत खूप फिरली. त्यातला मुख्य हिशेब तुम्ही स्वतः करून बघू शकता. ६० फूट व्यास म्हणजे आतली जागा २,८२७ चौरस फूट आणि भिंतीचा घेर १८८ फूट. तेवढीच जागा दोन रांगांच्या नेहमीच्या ३६ फूट रुंद गोठ्यात हवी असेल तर लांबी साडेअठ्ठ्याहत्तर फूट होते आणि भिंत २२९ फूट. म्हणजे चौकोनी गोठ्याला साधारण २१ टक्के जास्त भिंत आणि पाया.

हा हिशेब खरा आहे, पण अर्धाच. त्यात भिंत मोजली, सुताराचे तास नाही मोजले. गोल छपरावर सगळे वासे मध्याकडे निमुळते होत जातात, म्हणून छपराची प्रत्येक फळी तिरकी कापायची आणि उरलेला तुकडा वाया. पाया वाकलेल्या साच्यात ओतायचा. दार वाकवायचं की भिंतीतच एक सपाट भाग काढायचा, हेही ठरवायचं. हे हाताखालून घातलेला सुतार जवळपास असेल तर खर्च आटोक्यात, नसेल तर वाचलेलं लाकूड मजुरीत जातं. म्हणूनच गोल बार्न सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत, पुंजक्यांनी सापडतात. विस्कॉन्सिनच्या व्हर्नन परगण्यात ते दाटीने आहेत, कारण आल्गा शिव्हर्स नावाचा आफ्रिकन-अमेरिकन बांधकाम करणारा तिथलाच होता आणि त्याने आसपास बरेच बांधले. इंडियानात तर तिघांनी मिळून आतून खांब न लागणाऱ्या शंकूच्या छपराचं पेटंटच घेतलं होतं, १९०५ मध्ये.

हे बिनखांबी छप्पर म्हणजे माझ्या मते गोल बार्नची खरी करामत. उतरत्या छपराचे वासे खालच्या टोकाला भिंत बाहेर ढकलतात. चौकोनी इमारतीत ते थोपवायला आडव्या तुळया लागतात आणि त्या नेमक्या माळ्याच्या मधून जातात. गोल इमारतीत भिंतीच्या माथ्यावर एक अखंड कडं असतं आणि सगळा ढकलणारा जोर ते स्वतःच्या ताणात घेतं. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव जशी आरे आणि पाट्या आवळून धरते तसं. उदाहरणापुरतं, दर फुटाला १०० किलोचा जोर बाहेर येतोय असं धरा. त्रिज्या ३० फूट, म्हणजे कड्यात ३,००० किलोचा ताण. कडं शाबूत असेल तर माळा वरपासून खालपर्यंत मोकळा, हवं तेवढं गवत भरा.

हे कडं कसलं असतं ते जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. मोठं ओंडक्याचं लाकूड वाकत नाही. म्हणून इंचभर जाडीच्या पातळ फळ्या एकावर एक वाकवून ठोकलेल्या असतात आणि सांधे मुद्दाम पुढे-मागे ठेवलेले, म्हणजे एका ठिकाणी एकाच थराचा सांधा येतो. त्या सगळ्या थरांना धरतात ते फक्त खिळे. मी कुठल्याही गोल बार्नमध्ये गेलो की आधी शिडी लावून तिथे जातो. टोचा घेऊन फळ्यांत खुपसायचा, थरांमध्ये फट पडलीय का बघायचं, आणि खिळ्याभोवती काळा डाग असेल तर तिथे पाणी मुरतंय असं समजायचं. मग खाली मध्यबिंदूवर टेप अडकवून भिंतीपर्यंतचं अंतर ठिकठिकाणी मोजायचं. सारखं यायला हवं. एका बाजूला सहा इंच जास्त आलं की समजायचं, त्या बाजूचं कडं सुटलंय. बहुतेक वेळा कारण एकच असतं. नंतरच्या मालकाने उंच ट्रॅक्टर किंवा कंबाइन आत घ्यायला मोठं दार पाडलेलं असतं आणि ते करताना कडं कापलेलं असतं. चौकोनी बार्नमध्ये असं दार खपून जातं. इथे ते साखळीतली कडी काढण्यासारखं आहे, फक्त साखळी लगेच तुटत नाही, दहा-वीस वर्षांत हळूहळू उघडत जाते. दुरुस्तीला बाहेरून पोलादी दोर गुंडाळून टर्नबकलने, म्हणजे दोर ताणायच्या फिरकीच्या स्क्रूने, थोडं थोडं आवळत आणावं लागतं. घाई केली तर जुनं लाकूड चिरतं.

ओक्लाहोमातल्या आर्केडियाचा लाल बार्न तुम्ही रूट ६६ या अमेरिकेतल्या प्रसिद्ध जुन्या महामार्गाच्या फोटोंत पाहिला असेल. विल्यम ओडर यांनी तो १८९८ मध्ये बांधला, म्हणजे रस्त्याच्या बराच आधी. ६० फूट व्यास. तिथे ओकच्या फळ्या ओल्या असतानाच भिजवून साच्यात वाकवल्या. माळा इतका मोकळा होता की कामावरच्या तरुणांनी तिथे नाचता यावं म्हणून चांगल्या लाकडाची जमीन करायला स्वतः पैसे घातले, असं सांगतात. १९८८ मध्ये त्याचं छप्पर कोसळलं. ल्यूक रॉबिसन आणि त्यांच्यासोबतच्या निवृत्त मंडळींनी ते पुन्हा उभं केलं आणि १९९२ मध्ये बार्न लोकांसाठी उघडला. वादळात गोल इमारत टिकते हा समज त्या भागात फार आहे. वाऱ्याला सपाट भिंत मिळत नाही एवढं खरं, पण कडं कुजलं असेल तर आकार काही वाचवत नाही.

आता बंद का पडले याकडे. १९२०च्या दशकात शेतमालाचे भाव पडले आणि नवीन बार्नच थांबले, गोल काय नि चौकोनी काय. त्यानंतर ट्रॅक्टर आला आणि गोल फिरायची गरज संपली. ट्रॅक्टरला सरळ आत-बाहेर जायला आवडतं. सुट्ट्या गवताच्या जागी बांधलेल्या गासड्या आल्या, त्या वक्र भिंतीला नीट रचल्या जात नाहीत. खेड्यांत वीज आली, दूध काढायची यंत्रं आली, आणि गाईजवळ माणूस जाण्याऐवजी गाय यंत्राजवळ येऊ लागली. हे बदल चौकोनी बार्ननेही कसेबसे पचवले. गोल बार्नला मारलं ते एका साध्या गोष्टीने: त्याला पुढे वाढवता येत नाही. चौकोनी गोठ्याला दोन खण जोडले की झालं. वर्तुळाला काय जोडणार?

तुमच्या २० गाईंचा हिशेब इथेच अडतो, तो मांडून दाखवतो. संकरित गाईला मागच्या बाजूला ४ फूट रुंदी धरू. २० गाईंचे ८० फूट, शिवाय येण्याजाण्याच्या दोन वाटांचे ८, म्हणजे शेणाच्या नालीपाशी घेर ८८ फूट आणि त्रिज्या १४ फूट. त्यातून उभं राहायची साडेपाच फूट लांबी आणि गव्हाणीचे अडीच फूट वजा करा. मध्ये उरते ६ फूट त्रिज्येची जागा, सुमारे ११३ चौरस फूट. माणसाच्या वावरण्याची जागा सोडली तर तिथे एका दिवसाचा हिरवा चारा ठेवलात की संपलं. आता ४० गाई घ्या. घेर १६८, त्रिज्या पावणेसत्तावीस, मध्ये उरतात १,१०० चौरस फूट. जनावरं दुप्पट, मधली जागा जवळजवळ दहापट. बाहेरून फिरायची वाट धरली तर एकूण व्यास ६० फुटांच्या थोडा पुढे जातो, म्हणजे फ्रेझर यांच्याच मापाजवळ. ८० गाईंना मधला भाग ८८ फूट रुंद होतो आणि चारा उचलून चालणं पुन्हा लांबतं. गोल गोठा फायद्याचा होता तो या मधल्या अरुंद पट्ट्यात. गाई कमी तरी तोटा, जास्त तरी तोटा.

दुसरं, हवामान. मिडवेस्टात भिंत कमी असणं हा फायदा, कारण उणे तापमानात ऊब राखायची असते. फलटणला तुम्हाला भिंत नकोच आहे. एप्रिल-मेमध्ये वारा आरपार जायला हवा, आणि ६० फूट खोल गोल छपराच्या मधल्या भागात तो पोचत नाही. शिवाय पत्रा. सरळ पाखीवर पूर्ण पत्रा बसतो, शंकूवर प्रत्येक पत्रा तिरका कापावा लागतो आणि प्रत्येक सांधा गळायची संधी.

तेव्हा घरच्यांना मी असं सांगेन: लांबट गोठा, आढं पूर्व-पश्चिम, बाजू उघड्या, वळचण उंच, आढ्याला गरम हवा जायला फट. मध्ये चाऱ्याची वाट, दोन्ही बाजूंना गव्हाणी, वाट अशी रुंद की कडबाकुट्टी केलेला चारा घेऊन छोटा ट्रॅक्टर आरपार निघेल. मुरघास गोठ्याच्या आत नको, बाजूला बॅगांत किंवा बंकरात (जमिनीवरच्या भिंतींच्या हौदात). मुक्तसंचार करणार, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवणार असाल तर छपराखालची जागा आणि उघडं आवार यांचं प्रमाण तिथल्या पशुवैद्यकांना विचारून ठरवा, त्यात मी पडत नाही.

आणि एवढं वाचूनही गोलच बांधायचा असेल, हौसेला मोल नसतं हे मलाही कळतं, तर बारा बाजूंचा करा. सरळ भिंती, सरळ पत्रे, आणि माथ्यावर पोलादी अँगलचं पूर्ण वेल्ड केलेलं कडं. दाराची उंची आज ठरवा, उद्याच्या ट्रॅक्टरचं माप धरून, आणि कडं त्याच्या वर ठेवा. पाच वर्षांनी दावणीला किती गाई असतील तो आकडा आणि जागेची मापं कळवा. मग दोन्ही पर्यायांचा कच्चा नकाशा काढून देतो.